“क्लासला जाते, दादाला विचार”

साताऱ्याच्या एका १९ वर्षांच्या मुलानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तो पाच किशोरवयीन सुपरहिरोंच्या टीमची चित्रकथा लिहितो आणि स्वतःच काढतो. गोष्ट सांगलीत घडते. रेवा, वय १६, हिला पाणी थोपवता येतं. तिचा मोठा भाऊ अनिकेत टीमचा म्होरक्या. टीममधल्याच तेजसवर रेवाचं प्रेम आहे, आणि नदीतून चोरून वाळू उपसणारा खलनायक म्हणजे तेजसचे वडील. आठ अंक झालेत. वाचक म्हणतात, प्रेमाची पानं आली की गोष्ट थांबते आणि अनिकेत सीरियलमधल्या भावासारखा वाटतो. नवव्या अंकात महापूर आहे. त्याआधी प्रेमप्रकरण काढून टाकावं का?

तू वय लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी सांगलीत राहते. पंचवीसेक वर्षं मुलांच्या मासिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रकथा लिहितेय. सुरुवातीची काही वर्षं संवादाच्या फुग्यांतली अक्षरंही मीच काढायचे. तू जोडलेले तिसरा, सहावा आणि आठवा हे अंक दोनदा वाचले, मग लिहायला बसले.

प्रेमप्रकरण काढू नकोस. पण आहे तसं ठेवूही नकोस.

वाचकांनी खोट बरोबर हेरलीय, फक्त कारण त्यांना सांगता आलेलं नाही. सहावा अंक घे. नवव्या पानापासून चौदाव्यापर्यंत रेवा आणि तेजस आयर्विन पुलावर. घर आहे तिसऱ्या आणि विसाव्या पानावर. घरात अनिकेत ओरडतो, आई पदरानं डोळे पुसते, संपलं. पुलावरची ती सहा पानं मी हातानं झाकली आणि अंक पुन्हा वाचला. कुठंही अडखळले नाही. भाडेकरूनं घरमालकाच्या भिंतीला खिळासुद्धा ठोकू नये, तसं तुझं प्रेमप्रकरण गोष्टीत राहतंय. उद्या उठून गेलं तर भिंतीला भोकही दिसणार नाही.

तू लिहिलंस, “घर की प्रेम हा संघर्ष दाखवायचाय.” माझ्या मते घोटाळा इथंच आहे. ‘घर’ आणि ‘प्रेम’ हे शब्द इतके मोठे की चौकटीत मावत नाहीत. चौकटीत चप्पल मावते, मिस्ड कॉल मावतो, जेवणाचा डबा मावतो. एवढ्या बारीक वस्तूंवर आलास की संघर्ष वेगळा दाखवावा लागत नाही.

मग सांगलीतल्या सोळा वर्षांच्या मुलीचं बारीक बघू. रेवा गावभागात राहते. संध्याकाळी सहाला दप्तरात मुखवटा घालून बाहेर पडते. आईला काय सांगते? “क्लासला जाते.” आईला शंका आली तर? “दादाला विचार.” आणि दादा म्हणतो, “हो, मीच सोडलं तिला विश्रामबागला.” म्हणजे टीमचं सगळं गुपित टिकलंय ते अनिकेतच्या साक्षीवर. जी आई त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते तिच्याशी तो आठ अंक खोटं बोलतोय, कारण त्याच्या हिशेबी नदी वाचणं त्याहून मोठं आहे.

आता रेवा तेजसला भेटायला निघते तेव्हा आईला काय सांगते?

तेच. “क्लासला जाते, दादाला विचार.” दुसरं खोटं तिच्याजवळ आहेच कुठं? सांगलीत सोळा वर्षांच्या मुलीला संध्याकाळी बाहेर पडायला कारणं असून असून किती असणार? टीमसाठी भावानं दिलेली साक्ष ती स्वतःच्या भेटीसाठी वापरते, त्याला न सांगता. ज्या दिवशी अनिकेतला हे कळतं, त्या दिवसापासून तो सीरियलमधला भाऊ राहत नाही. “त्या पोराला भेटू नकोस” हे त्याचं पहिलं वाक्य होऊच शकत नाही. त्याचं वाक्य असेल, “मंगळवारी मोहीम नव्हती. मग मी आईशी खोटं कशासाठी बोललो?”

हे वाक्य सहाव्या अंकात घालून बघ. पुलावरची सहा पानं झाकता येतात का ते मग सांग.

परदेशी टीन टीमच्या कॉमिक्समध्ये घरी खोटं सांगायची ही सोय फारशी लागत नाही, म्हणून ती नमुन्याला घेतली की आपल्याकडे फसायला होतं. १९६३मध्ये सुरू झालेल्या ‘एक्स-मेन’मधली मुलं निवासी शाळेत राहतात. १९८०च्या ‘न्यू टीन टायटन्स’ला तर न्यूयॉर्कच्या नदीतल्या बेटावर स्वतःची उंच इमारत आहे. आईबाप दूर, टीम हेच घर. तिथं कुणी कुणाच्या प्रेमात पडलं तर स्वयंपाकघरातून हाक येत नाही. तुझ्या टीमला इमारत नाही. तिच्याकडे हरिपूर रस्त्याकडेची एक बंद खोली आहे आणि पाच घरांची पाच जेवणाची वेळापत्रकं आहेत. ही अडचण म्हणून बघू नकोस, त्यांच्याकडे नसलेलं भांडवल आहे हे.

भावाविषयी अजून थोडं, कारण तुझी गोष्ट खरी तिथं अडलीय. सुपरहिरोंच्या कॉमिक्समधला विरोध करणारा भाऊ म्हणजे पिएत्रो. तो आणि त्याची बहीण वांडा १९६४पासून सोबत आहेत. संकटात एकमेकांशिवाय त्यांना कुणी नाही. पुढं वांडाचं मन व्हिजन या यंत्रमानवावर जडतं आणि पिएत्रो बिथरतो. माझी बहीण आणि एका यंत्राशी! १९७५मध्ये त्यांचं लग्न लागतं. पिएत्रोच्या विरोधात पूर्वग्रह उघड दिसतो, तरी वाचक त्याला फेकून देत नाही, कारण त्यानं बहिणीसाठी काय काय सोसलंय ते आधीच्या पानांवर आलेलं असतं. तुझ्या अनिकेतनं रेवासाठी काय केलंय? मी तीन अंकांत शोधलं. तिसऱ्या अंकात तो तिला पुरातून ओढून काढतो, एवढंच. तो तर हिरोचा धंदाच झाला, रेवाऐवजी कुणीही असतं तरी त्यानं काढलंच असतं. भाऊ म्हणून काय केलं? तिच्या भीतीपायी स्वतःची सहल सोडली? तिचा नापासाचा पेपर आईआधी स्वतः सही करून परत दिला? असलं एक काहीतरी, फक्त दोन चौकटींत, आणि भांडणाच्या निदान एक अंक आधी.

दुसरी गोष्ट मी नाटकाच्या गावची म्हणून सुचते. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सीतास्वयंवराचा खेळ केला तो इथं सांगलीत, त्यामुळे आमच्याकडे कुठलाही प्रश्न फिरून फिरून नाटकावर येतो. १८८२चं ‘संगीत सौभद्र’ आठव. सुभद्रेचं मन अर्जुनावर, आणि थोरला भाऊ बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघालेला. आता हे नुसतं घर विरुद्ध प्रेम असतं तर नाटक दोन प्रवेशांत आटपलं असतं. पण दुसरा भाऊ, कृष्ण, बहिणीच्या बाजूनं आतून सूत्रं हलवतो आणि दादासमोर वर साळसूदपणे वावरतो. निष्ठा घराशीच, पण घरात दोन भाऊ आणि दोन मतं. तुझ्या गोष्टीत सगळं घर अनिकेतच्या तोंडून एकाच आवाजात बोलतंय. रेवाची आजी काय म्हणते? धाकटा चुलतभाऊ कुणाच्या बाजूचा? घरातलं एक तरी माणूस रेवाच्या बाजूनं गुपचूप उभं कर, आणि ते कोण हे वाचकाला अनिकेतच्या आधी कळू दे. मग अनिकेत एकटा पडतो. एकटा पडलेला भाऊ वाचकाला परका वाटत नाही.

आता तेजस. इथं मी जरा कडक बोलणार आहे. तुझा तेजस वडिलांना सहज सोडतो. आठव्या अंकात चौथ्या पानावर त्याला कळतं की वाळूचा धनी आपलाच बाप, आणि सहाव्या पानावर तो रेवाला म्हणतो, “मी तुझ्या बाजूनं आहे.” दोन पानांत बाप संपला? ज्या माणसाच्या स्कूटरवर मागं बसून तो पहिलीपासून शाळेत गेला, तो माणूस?

दोन उदाहरणं देते. दोन्हींत शेवट उघड करावा लागतोय, वाचली नसशील तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडून दे. पहिलं १९८४चं, ‘टीन टायटन्स’मधलं. डेथस्ट्रोक हा भाडोत्री मारेकरी टीमवर उठलाय. टीममध्ये त्यानं पेरलेली टेरा ही मुलगी, आणि तिच्यावर जीव टाकणारा बीस्ट बॉय. आणि डेथस्ट्रोकचा स्वतःचा मुलगा जोसेफ टीमच्या बाजूनं येतो. का येतो? लहानपणी त्याला ओलीस धरलं होतं. बापानं आपल्या व्यवसायाचा नियम पाळून माहिती द्यायला नकार दिला, हल्ला चढवला, आणि तेवढ्यात पोराच्या गळ्यावर सुरा फिरला. मुलगा वाचला, पण कायमचा मुका झाला. बापाविरुद्ध जायला त्याला भाषण करावं लागत नाही. खरं तर करताच येत नाही. गळ्यावरचा व्रण पुरतो. तुझ्या तेजसच्या अंगावर, कपड्यांवर, घरात असा कुठला व्रण आहे?

दुसरं २००३चं ‘रनअवेज’ हे कॉमिक, तुझ्या प्रश्नाच्या अगदी शेजारचं. सहा मुलांना कळतं की आपले आईबापच गुन्हेगारांची टोळी आहेत, आणि ती पळून जातात. म्होरक्या ॲलेक्स, त्याचं आणि निकोचं जमत आलेलं. शेवटी फितूर निघतो तो ॲलेक्सच. पण त्याचा हिशेब बघ. टोळीच्या बेतात जगबुडीनंतर टिकणार फक्त सहा माणसं. त्या सहा जागा त्यानं मनात वाटून ठेवल्यात: स्वतः, आपले आईबाप, निको आणि निकोचे आईबाप. म्हणजे प्रेयसीला त्यानं सोडलेलं नाही, तिच्या आईबापांनाही धरलंय. बाकीच्यांना मात्र सोडलं. घराची निष्ठा आणि प्रेम एकाच यादीत बसवायला गेला आणि यादी भरली. या पोराचा राग येतो, पण ‘हा असं का वागला’ हा प्रश्न एकाही वाचकाला पडत नाही. मला या शैलीतलं हे सगळ्यात चोख काम वाटतं. भाषणांवर नाही, मोजणीवर उभं आहे.

तुझ्याकडे मोजणीची सोय आयती आहे आणि ती तू वापरलेली नाहीस! नवव्या अंकात महापूर. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात, ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात घराघरांत कुठली पायरी किती फुटांवर बुडते हे तोंडपाठ असतं. ते आकडे घे आणि घड्याळासारखे वापर. ३८ फूट: अनिकेत सगळ्यांना हाक घालतो, तेजसचा फोन बंद. ४१: तेजस वडिलांच्या धक्क्यावर आहे, कारण वाळूची बोट सुटली तर वाहत पुलाला येऊन धडकेल, आणि बोटीत वडील आहेत. ४४: रेवा पाणी थोपवू शकते, पण एकाच ठिकाणी. एकीकडे आईचं घर, एकीकडे त्या खलनायकाची बोट. तेजस तिला “माझ्या वडिलांना वाचव” म्हणत नाही. म्हणूच नये, त्याला ती मागणी घालायचा हक्क नाही हे त्याला कळतं. तो नुसता तिच्याकडे बघतो. एवढी एकच मोठी चौकट, फुगा नाही. आणि साक्ष वापरली म्हणून सहाव्या अंकात भांडलेला अनिकेत पहिल्यांदा म्हणतो, “रेवे, तू बोटीकडं जा. आईला मी काढतो.” हे बोलायला त्याला किती जड गेलं असेल, ते सांगायला आणखी एक शब्द नको.

पाणी कुठून येतं हेही विसरू नकोस. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेला मिळून मग आमच्याकडे येतं. तू साताऱ्याचा, तुझ्या जिल्ह्यातला पाऊस आमची पायरी बुडवतो. टीममधला एखादा पोरगा पाटणकडचा असेल तर त्याच्या घरच्यांचा फोन हाच पहिला इशारा ठरेल. (कराडच्या प्रीतिसंगमावर नावापोटी प्रेमप्रसंग घालायचा मोह होईल. घालू नकोस.)

मला पहिल्यांदा हे कसं कळलं ते सांगते. एका मासिकात माझी एक मालिका चालू होती, त्यात अशीच एक मुलगी आणि तिचा मित्र. संपादकांनी ठणकावलं, मुलांच्या अंकात प्रेम नको. मूळ पानांवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून जिथं जिथं ‘प्रेम’ होतं तिथं ‘मैत्री’ लिहायला लावलं. मी घरी येऊन चडफडले. अंक निघाला, आणि वाचकांच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पोरींनी विचारलं, “ती त्याच्यावर प्रेम करते ना?” शब्द एकही नव्हता, पण चित्रकारानं मुलाच्या हातात मुलीची छत्री दाखवली होती. पाऊस थांबलेला, आणि छत्री अजून त्याच्याकडेच. त्या दिवसापासून मी ‘प्रेम’ हा शब्द फुग्यात घालायच्या आधी दहादा विचार करते. संपादकांवरचा राग मात्र गेला नाही तो नाहीच.

तुझ्या सहाव्या अंकात तो शब्द अकरा वेळा आलाय. मोजला मी.

आणि फुगे. देवनागरीला रोमनपेक्षा उभी जागा जास्त लागते. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार. इंग्रजी कॉमिकच्या फुग्याचा आकार उचललास तर ओळी एकमेकींच्या उरावर बसतात. तुझ्या पुलावरच्या पानांत नेमकं तेच झालंय: रेवाचं तोंड फुग्यामागं गेलंय आणि तेजसचे हातच दिसत नाहीत. प्रेमाची पानं थांबल्यासारखी वाटतात त्याचं हे एक अगदी साधं कारण. वीसेक शब्दांच्या वर फुगा नेऊ नकोस. आणि दोघांना सांगलीचं बोलू दे. “मी तुझी किती वेळ वाट पाहत होते” असं सोळा वर्षांची गावभागातली पोरगी म्हणत नाही. ती म्हणते, “कुठं गेलतास रे?” तीन शब्दांत तक्रारही आली, लाडही आला, आणि मागं नदीला जागा उरली.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. तुझे वाचक बारा वर्षांचे असतील तर साक्षीचं प्रकरण पुढं ठेव, भेटी मागं. सतरा-अठराचे असतील तर उलट चालेल. तू छापून वाटतोस की मोबाइलवर टाकतोस? छापत असशील तर ‘मंगळवारी मोहीम नव्हती’ ही चौकट उजव्या पानाच्या तळाशी ठेव, म्हणजे उत्तरासाठी पान उलटावं लागेल. मोबाइलवर पान उलटणं नाही, तिथं त्या वाक्याखाली लांबलचक रिकामी जागा सोड, अंगठ्याला सरकायला वेळ लागू दे. आणि एकूण बाराच अंक काढायचे असतील तर घरातलं गुपचूप साथ देणारं माणूस नवीन आणू नकोस, आहे त्यातलंच कुणीतरी वापर.

थोडक्यात, मी तुझ्या जागी असते तर आधी सहावा अंक दुरुस्त केला असता, साक्षीसकट. मग आठव्यात तेजसला बापाकडून सुटायला दोन पानांऐवजी अख्खा अंक दिला असता. तो सुटला नाही तरी चालेल. नवव्याला हात त्यानंतर.

राहिली आई. तिसऱ्या अंकात तू एका चौकटीत लिहून गेलायस की ती मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे हिशेब लिहिते, आणि मग विसरलास. सांगलीत हळदीचं काम करणाऱ्या बाईची बोटं वानगी बघून बघून पिवळी होतात, धुतली तरी नखांच्या कडेला राहतंच. नवव्या अंकात पूर ओसरल्यावर रेवा दप्तरातून मुखवटा काढते. तो धुतलेला आहे, फाटलेली कड शिवलेली आहे, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा पिवळा ठसा आहे. दादाची साक्ष आईनं किती दिवसांपासून खरी मानलेली नाही, ते तिथं दोघा भावंडांना कळतं. तू काळं-पांढरं छापतोस हे दिसलं. त्या एका पानापुरता पिवळा रंग परवडतो का ते छापखान्यात विचार, नाहीतर प्रत्येक प्रतीवर हातानं लाव. दोनशे प्रती असतील तर एका रविवारचं काम आहे, आणि खरी हळद वापरू नकोस, चार महिन्यांत उडते.